झाळलेली नळी

मार्चातल्या एका वरातीत किसनरावांचा कॉर्नेट, तोंडानं फुंकायचा पितळी बाजा, लाइटच्या गाडीखाली आला. फटाक्यांनी घोडा बिचकला, नवरदेव घोड्याच्या मानेला बिलगला, लोक मागे रेटले गेले आणि त्या रेटारेटीत किसनरावांच्या हातातून बाजा निसटला. मोताळ्याला घरी आणला तेव्हा तो पायाखाली चेपलेल्या डालड्याच्या डब्यासारखा दिसत होता. त्यांच्या बायकोनं, कलाबाईंनी, तो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि कपाटावर ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी बँडचा मालक गोपाल घरी आला. वयानं किसनरावांच्या मुलाएवढा. बापाच्या मागं बँड त्यानंच सांभाळला होता, आणि दोन वर्षांपासून हातगाडीवर कीबोर्ड आणि स्पीकर ठेवून तो स्वतः वरातीत वाजवत चालायचा.

"काका, दुसरा कॉर्नेट पाहा," तो म्हणाला. "लग्नाचा सिझन तोंडावर आला. पण एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. आता कीबोर्डसंगं सूर जमला पाह्यजे. मांगच्या वरातीत लोकं म्हणत होते, तुमचं अन् माह्यं एकमेकापासून फाटून राह्यलं."

"तुह्यं पिलास्टिकचं खोकं फाटत असंल."

"असंल बापा. पण लोकाईले आता तेच पाह्यजे. जमलं तं पुढं तुम्हीच. नाही जमलं तं या सिझनपासून धून मी कीबोर्डवर घेतो. तुम्ही मांगं झांजा धरा."

किसनराव अडतीस वर्षं बँडच्या पुढं उभे राहिलेले. नवरदेवाच्या घोड्याकडं तोंड करून, उलटं चालत, एका हातानं ढोलाला इशारे देत वाजवणारा माणूस. मागं झांजा धरायला बँडमध्ये नवीन आलेल्याला उभं करतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला तो भरलेलाच राहिला.

जाताना गोपालनं कलाबाईंच्या फोनवर कीबोर्डचा आवाज पाठवला. आधी एकच सूर, अर्धा मिनिट लांबवलेला, आणि मग नवरीच्या पाठवणीची धून. "काकू, बाजा पाहाले जासान तवा हे लावा. काकाले याच्यावर वाजवू द्या. अन् रविवारी माह्या आंगनात या. सगळे पोरं असतील, तेथीच पाहू."

फोन किसनरावांच्या बोटांना कधी वळला नाही, म्हणून कलाबाईंनी सोबत जायचं ठरलं. दुसरंही कारण होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी किसनराव विचारायचे, "झाल्या का वो शिट्ट्या?" असं तीन वर्षांपासून चाललं होतं. अडतीस वर्षं ढोल आणि झांजांचा दणका त्यांच्या कानांवर आदळत आला होता.

नांदुऱ्याच्या एसटीत कलाबाईंनी अर्धं तिकीट काढलं आणि खिडकीकडं सरकत विचारलं, "चांगला बाजा म्हंजे कसा असते हो?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. किसनरावांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, चेष्टा तर नाही ना म्हणून. मग खुलले.

"आधी बटनं पाहाची. तीन बटनं. दाबून सोडली का चटकन वर आली पाह्यजे, अन् बाजूनं हलाले नाही पाह्यजे. मंग नळी. बटन न दाबता बाजूची नळी ओढाची. आतून हवा निसटत नसंल तं नळी सुटतानी 'टप्प' वाजते, बाटलीचं बूच निघाल्यासारखं. टप्प नाही वाजला तं थो बाजा फुंकणाऱ्याचा जीव खाते."

"अन् मंग?"

"मंग उजेडात धरून पाहाचा. पितळीवर गुलाबी गुलाबी ठिपके दिसले तं समजाचं, धातू आतून सडत आला. अन् वरून कितीबी चमकत असला तरी वाकणापाशी बोट फिरवाचं. जुनी चेप लपवलेली असते."

"हे सारं कोणं शिकवलं?"

"मास्तरनं. जानेफळच्या रामराव मास्तरनं." आणि मग ते तिकीट बोटांत गुंडाळत बसले. कलाबाईंना कारण माहीत होतं. मास्तरांचा विलायती कॉर्नेट अजून जानेफळला त्यांच्या घरी होता. पोरवयात किसनराव त्यांच्याच बँडमध्ये शिकले होते. मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, निरोप पाठवला होता की वाजवणारा माणूस आला तर बाजा देईन, शोभेला ठेवणाऱ्याला देणार नाही. आधी नवा पाहायचा, मग तो, असं किसनरावांनी ठरवलं होतं. पण नवा पाहायला निघालेला माणूस ज्या उत्साहानं निघतो तसे ते निघाले नव्हते.

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर दीपकभाऊंचं दुकान होतं. पुढं हार्मोनियम, भजनाचे टाळ, ढोलक्या, आणि आत एका कपाटात बँडचं सामान. दीपकभाऊंनी नवाकोरा कॉर्नेट काचेवर ठेवला. तो इतका चमकत होता की कलाबाईंना त्यात स्वतःचं नाक दिसलं, वांग्याएवढं.

किसनरावांनी बटनं दाबली. नळी ओढली. टप्प वाजलं. त्यांनी नाराजीनंच मान हलवली, जणू वाजलं नसतं तर बरं झालं असतं. मग फुंकलं. आवाज मोठा होता, साफ होता.

"लावा फोन," ते म्हणाले.

कलाबाईंनी फोन लावला आणि दोघांच्या मध्ये धरला. फोनमधून लांब सूर आला, किसनरावांनी तोच सूर कॉर्नेटवर धरला. आणि कलाबाईंना तिसरंच काही ऐकू आलं. फोनचा आवाज होता, बाजाचा आवाज होता, आणि त्या दोन्हींच्या मधात काहीतरी झुलत होतं. ऊं, ऊं, ऊं, ऊं. रिकामा पाळणा कुणीतरी ढकलून दिल्यासारखं.

"भाऊ, हे मधातलं काय हाये?" त्यांनी दीपकभाऊंना विचारलं.

दीपकभाऊ काचेमागून पुढं झुकले. "कोणतं?"

"हे झुलते ते."

"मावशी, तुमाले ऐकू येते थे? गिऱ्हाइकाईले सांगून सांगून माह्या तोंडाले फेस येते, कोणाले ऐकू येत नाही. दोन सूर जवळ जवळ असले, पण एक नसले, तं असं झुलते. काका, वाजवत राहा." त्यांनी कॉर्नेटची पुढची मोठी नळी धरली आणि तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ओढली.

झोका हळू झाला. आणखी दाणाभर. ऊं… ऊं… ऊं. आणखी थोडी, आणि झोका थांबला. फोन आणि बाजा यांच्यात काहीच उरलं नाही, एकच आवाज.

"अगं माय!" कलाबाई म्हणाल्या. "पुन्हा करा."

दीपकभाऊंनी नळी आत सारली, झोका आला. ओढली, गेला. कलाबाईंनी तीन वेळा करायला लावलं. तिसऱ्या वेळी किसनरावांनी बाजा तोंडावरून काढला.

"काय चाललं तुमचं दोघाचं? मी फुंकतो अन् तुम्ही नळीशी खेळता!"

"काका, नळी ध्यानात ठेवा," दीपकभाऊ म्हणाले. "तासभर वाजवलं का धातू तापते, सूर वर चढते. तवा थोडी थोडी ओढत राहा लागते."

"मले शिकवतं का बे? माह्ये केस यातच झडले." किसनरावांनी कॉर्नेट काचेवर ठेवला. "आवाज कोरा हाये याचा. नव्या मडक्यातलं पाणी. पाण्याआधी मातीच लागते तोंडाले."

"मुरंल. दोन सिझन वाजवा."

"दोन सिझन हायेत कोणापाशी? आम्ही आणखी एक पाहून येतो."

"पाहून या. शनिवारपर्यंत मी हा कोणाले देत नाही."

बाहेर आल्यावर कलाबाई मनाशी ऊं, ऊं गुणगुणत चालल्या होत्या. त्या झोक्याचा विचार करत होत्या. चाळीस वर्षं संसार केला बाजावाल्याशी, रोज सकाळी त्याचे सूर ऐकत भाकरी थापल्या, आणि दोन आवाजांच्या मधात असं काही राहतं हे आज कळलं. आणि दुसरी गोष्टही कळली. किसनरावांना ते झुलणं ऐकूच आलं नव्हतं. ते नळीवर चिडले होते, झोक्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खामगावहून मेहकरच्या गाडीनं ते जानेफळला उतरले. मनकर्णाबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण सूप हातात ठरत होतं. किसनराव पाया पडले.

"किसन! टकला झाला बापा तू," त्या म्हणाल्या. "अन् ही तुही मालकीण? ये वो माय, बस. पानी पी आधी. बाजा कोठी पळून नाही जात."

पाणी झालं, चहा झाला, मग पेटी आली. आतलं निळं मखमल जागोजाग झिजलं होतं. कॉर्नेटवर चांदीचा मुलामा होता, पण जिथं मास्तरांचा डावा हात पन्नास वर्षं बसला तिथं तो घासून खालची पितळ उघडी पडली होती. भोंग्यावर द्राक्षाची पानं कोरलेली. किसनरावांनी तो उचलला आणि त्यांचा हात बरोबर त्या उघड्या पितळेवर बसला.

बटनं चटकन वर आली. बाजूची नळी ओढली, टप्प. दुसरी, टप्प. किसनराव कलाबाईंकडं पाहून असे हसले जसे लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायचे. मग त्यांनी फुंकलं.

कलाबाईंच्या हातावर काटा आला. तो आवाज समोरून येत नव्हता, घराच्या भिंतींतूनच निघत होता असं त्यांना वाटलं. ओट्यावरची चिमणी उडाली नाही, उलट मान वाकडी करून पाहायला लागली.

"लावा फोन," किसनराव म्हणाले.

कलाबाईंनी फोन लावला. आणि लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. हा झोका नव्हता. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तशी थरथर होती, इतकी भराभर की मोजता येईना. किसनराव डोळे मिटून वाजवत होते. तोंडावर सुख.

सूर संपला. "कसं?" त्यांनी विचारलं.

कलाबाईंना वाटलं, म्हणावं छान आहे. घ्या आणि चला घरी. हे सुख त्यांच्या तोंडावर रविवारपर्यंत तरी राहील. पण रविवारी गोपालच्या अंगणात सगळी पोरं असतील, आणि त्या सगळ्यांना ही थरथर ऐकू येईल.

"पुढची नळी जराशी ओढा," त्या म्हणाल्या. "कालच्यासारखी."

किसनरावांनी ओढली. नळी हलली नाही. त्यांनी रुमाल गुंडाळून ओढली. नाही. मग चष्मा लावून त्यांनी बाजा उन्हात धरला. जिथं एक नळी दुसरीत शिरते तिथं चारी बाजूंनी करडी रेघ होती.

"काकू, ही तं झाळलेली हाये. कथील लावून पक्की केली."

"हाव. त्याईनंच झाळली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लोणारच्या एका वरातीत आपल्या बँडच्या एका पोराच्या बाजाची पुढची नळी निसटून पडली. गर्दीत लोकाईनं तुडवली. पुरी वरात बिना त्या बाजाची गेली. त्याईले इतका राग आला का दुसऱ्या दिवशी बँडचे आठही बाजे झाळणाऱ्यापाशी नेले अन् साऱ्याईच्या पुढच्या नळ्या आत लोटून झाळून आणल्या. म्हणे, आता पडा म्हणा."

"आठही?"

"आठही. त्याच्यानंतर कधी नळी पडली नाही."

किसनराव हसायला लागले, मग थांबले. आठही बाजे एकाच सुरावर पक्के केलेले. आपसात कुणाचं कुणाशी कधी फाटलंच नाही, म्हणून सगळा बँड जगाच्या सुरापेक्षा वर वाजतो आहे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. आणि त्याच बँडमध्ये, पुढच्या नळीला कधी हात लावायची वेळ न येता, किसनरावांचा कान तयार झाला होता.

"असू द्या झाळलेली," ते म्हणाले. "सूर तं गोड हाये."

"गोड हाये," कलाबाई म्हणाल्या. "पण फोनसंगं थरथरते. लय थरथरते."

"मले तं नाही ऐकू आली थरथर."

"मले आली, किसन," मनकर्णाबाई सूप खाली ठेवत म्हणाल्या.

दोन म्हाताऱ्या बायकांना ऐकू आलं आणि बाजावाल्याला आलं नाही. किसनरावांनी एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. दोघींच्याही तोंडावर थट्टा नव्हती.

"गोपालनं कीबोर्डचा सूर वर घ्यावा मंग," ते हट्टानं म्हणाले. "मशीनच हाये, घेता येते."

"अन् त्याचे दोन क्लॅरिनेट? त्याईले कोण वर घेईन?" कलाबाई म्हणाल्या.

किसनरावांनी बाजा पुन्हा उन्हात धरला. झाळेच्या बाजूला, मुलाम्याच्या आत, डाळीएवढे गुलाबी ठिपके होते. त्यांनी अंगठ्यानं चोळले. ते गेले नाहीत. "झाळ काढाले आग दाखवावी लागंल," ते हळू म्हणाले. "अन् इथं आग लावली तं पापुद्र्यासारखं सुटून येईल. मी नाही लावत."

"नोको लावू," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वाजवता येत नसंल तं नेऊबी नोको. माह्यं म्हणणं तेवढंच हाये. पण आला हायेस तं एक पुरी धून वाजवून जाय. नऊ वर्षं झाले, घरात फक्त टीव्ही वाजून राह्यला."

किसनराव उभे राहिले. कलाबाईंनी फोन बंद करून पिशवीत टाकला. त्यांनी पाठवणीची धून वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग सांगितलं नसताना दुसरी. शेजारची माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. कलाबाईंनी कान देऊन देऊन ऐकलं. मधात काहीच नव्हतं. एकटा वाजत होता तोवर त्या बाजात कुठंच खोट नव्हती.

परतीच्या गाडीत खामगाव येईपर्यंत किसनराव बाहेर पाहत होते. मग एकदम म्हणाले, "कवापासून?"

"कुकरचं म्हणता का?"

"कुकर? कोणता कुकर?"

"शिट्ट्या ऐकू येत नाही तुमाले. तीन वर्षं झाले."

"तीन वर्षं!" पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं. किसनरावांनी आवाज खाली आणला. "मंग सांगितलं काऊन नाही?"

"काय सांगू? भाजी तं शिजत होती."

ते हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "माह्या स्वतःचा बाजा मले ऐकू येते. डोक्यातून येते. त्या खोक्याचा तेवढा येत नाही. मले वाटे, गोपाल आवाज बारीक ठेवते." मग आणखी थोड्या वेळानं, "काल त्या दुकानात काय झुलत होतं? नीट सांग."

कलाबाईंनी पाळणा सांगितला. हळू होतो कसा, थांबतो कसा. किसनराव एकेक शब्दाला मान हलवत होते. मास्तरांनी त्यांना हे कधीच शिकवलं नव्हतं. ज्याच्या नळ्या झाळलेल्या त्याला ते शिकवायचं कारणच पडलं नसावं.

शनिवारी दीपकभाऊंकडून नवा कॉर्नेट आला. किसनरावांनी घरी दिवसभर फुंकला. आवाज अजून कोराच होता.

रविवारी गोपालच्या अंगणात बँडची नऊ माणसं जमली होती. कीबोर्ड गाडीवर होता, स्पीकर चालू. कलाबाई दाराशी थांबल्या तर किसनरावांनी मागं वळून म्हटलं, "इकडं ये. माह्यासमोर उभी राह्य."

"काका, काकूले कायले आणलं?" ढोलवाला म्हणाला. "पुरावा म्हणून?"

पोरं हसली. किसनराव हसणं संपेपर्यंत थांबले.

"गोपाल, आधी सांगून टाकतो," ते म्हणाले. "मांगच्या वरातीत फाटत होतं ते खरं. तुह्यं खोकं बरोबर होतं. मी वाजवतानी मले त्याचा सूर ऐकू येत नाही. कान गेला माह्या. हिले येते."

झांजावाल्या पोराच्या हातातल्या झांजा एकमेकींना लागून किण्णकन वाजल्या. त्यानं त्या छातीशी धरल्या. अडतीस वर्षं बँडच्या पुढं उभा असलेला माणूस आपल्या तोंडानं हे सांगत होता, आणि कुणाला कुठं पाहावं कळेना. कलाबाईंनी मात्र किसनरावांकडंच पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"लाव तुह्या सूर," ते गोपालला म्हणाले.

गोपालनं सूर धरला. किसनरावांनी कॉर्नेट तोंडाला लावला. झोका आला, मोठा, संथ. कलाबाईंनी घरी ठरल्याप्रमाणे अंगठा खाली केला, सूर उतरवा म्हणून. किसनरावांनी नळी दाणाभर ओढली. अंगठा अजून खाली. आणखी ओढली. झोका थांबत आला, मग पुन्हा वाढला, तेव्हा त्यांनी अंगठा घाईनं वर केला, आणि नळी केसभर आत गेली. कलाबाईंनी तळहात उघडला.

अंगणात एकच सूर होता. क्लॅरिनेटवाल्यांपैकी एकानं न सांगता त्यात आपला मिसळला, मग दुसऱ्यानं.

गोपालनं कीबोर्डवरून हात काढला. "जमलं," तो म्हणाला, आणि लगेच त्याच्या डोक्यात पुढचं आलं. "पण काका, हे आंगन हाये. वरात दोन दोन तास चालते. बाजा तापल्यावर?"

"म्हणून तं ही येईल. तुह्या गाडीच्या बाजूनं चालंल. अंगठा दाखवंल तशी मी नळी करीन. मले तं उलटंच चालाचं असते, तोंड हिच्याकडंच राहील."

"म्हंजे घरीबी काकूच्या अंगठ्यावर अन् वरातीतबी!" ढोलवाला म्हणाला, आणि या वेळी किसनरावही हसले.

गोपाल डोकं खाजवत उभा होता. त्याच्या बापाच्या काळापासून या बँडमध्ये बाई चालली नव्हती. त्यानं कीबोर्डकडं पाहिलं, किसनरावांकडं पाहिलं, मग कलाबाईंना विचारलं, "काकू, चालणं होईल का तुमच्यानं?"

"कापूस येचाले दिवसभर चालतो आम्ही," कलाबाई म्हणाल्या. "अन् तेथी कोणी वाजवतबी नाही."

गोपाल घरात गेला आणि बँडचा लाल कोट घेऊन आला, सोनेरी गोंड्यांचा, होता त्यातला सगळ्यात लहान. कलाबाईंनी तो लुगड्यावरून घातला. बाह्या बोटांच्याही खाली गेल्या. त्यांनी त्या दोनदा दुमडल्या, हात पुढं धरला आणि अंगठा नीट बाहेर दिसतो की नाही ते पाहिलं.